कौल

खोक्यावर लिहिलंय: कबर सतरा, कौल चौथं.
मी चित्रकार नव्हे, आरेखक.
सापडलेली वस्तू कागदावर उतरवते, एकास एक,
ठिपक्याठिपक्याने. पदरचं काही घालायचं नाही.
संग्रहालयाचं तळघर, उत्तरेची खिडकी,
तिथून डॅन्यूब दिसत नाही,
तिचं धुकं तेवढं काचेवर येऊन बसतं.

बेंदेगूझने ते काढलं मार्चमध्ये,
गोठलेल्या मातीवर किटलीतलं पाणी ओतत ओतत.
सहा कौलं, घरासारखी रचलेली, दोन उतार,
आत एवढंसं मूल. हाडं कमी, माती जास्त.
उशाशी नाणं नाही, दिवा नाही, मणी नाही.
नावाड्याचं भाडंसुद्धा दिलं नाही पोराला,
बेंदेगूझ म्हणाला, गरीब असतील.
मग फावडं पुसत:
किंवा भाडं लागत नाही असं वाटत असेल.

कौलाच्या पाठीवर दुसऱ्या लीजनचा शिक्का,
चौकोनी, ठसठशीत, बाहेरच्या बाजूला.
सरकारी माल, छावणीच्या छपरासाठी भाजलेला.
आणि पोटाकडे, मुलाच्या तोंडावर येईल अशा जागी,
ओल्या मातीत बोटाने ओढलेल्या तीन रेघा
एकमेकींना छेदत गेलेल्या.
एकीच्या टोकाला बाक आहे,
किंवा बोट उचलताना ते नुसतं घसरलं.

खूण भाजण्याआधीची.
म्हणजे मूल मरण्याआधीची, कदाचित जन्माआधीचीही.
कुणीतरी ढिगातून नेमकं हेच कौल शोधून आणलं,
नाहीतर हाताला लागलं ते उचललं.

डॉक्टर कोलोश म्हणतात, भट्टीवरची मोजणी,
शेकडा भरला की बोट ओढत.
पिरोश्का म्हणते, ख्रिस्ताच्या नावाची दोन अक्षरं, एकात एक.
सीमेवरच्या ठाण्यात? इतक्या आधी?
सीमेवरच तर, ती म्हणते, पहाऱ्यावर ऐकायला वेळ असतो.
कॅन्टीनमधलं सूप निवून त्यावर साय धरते.
दोघांचे दोन कौल,
आणि टेबलावर तिसरं, न बोलणारं.

माझी आई पाव कापण्याआधी
तो उलटा करून छातीशी धरायची
आणि सुरीच्या टोकाने त्याच्या बुडावर क्रूस ओढायची,
एका दमात, भाजी चिरल्यासारखा.
वडील तेव्हा पक्षाच्या जिल्हा कमिटीवर.
आमच्याकडे भिंतीवर नुसते खिळे होते.
मग पाव सरळ, पहिला काप वडिलांना.
ते नेमके त्याच वेळी चष्मा पुसायचे.
तेरा वर्षं, रोज संध्याकाळी सहाला,
त्यांचा चष्मा मळलेला असायचा.

हे कार्डावर लिहिता येत नाही.
पाव खाऊन संपले. सुरी कुणाकडे गेली, माहीत नाही.

भिंगाखाली रेघ सुरुवातीला खोल आहे,
शेवटाकडे उथळ होत जाते, घाई असल्यासारखी.
काठावर बोटाच्या कातडीच्या बारीक ओळी
अजून शाबूत, मी मोजल्या, नऊ.
हातमोजा काढून मी रेघेत बोट घातलं,
जे करायचं नसतं.
तर्जनी मावली नाही. करंगळी बसली.
बाई असेल, किंवा चिखल तुडवायला ठेवलेला एखादा पोरगा.
माती गार होती. बस, एवढंच.

दुपारी कार्ड भरलं.
लांबी, रुंदी, जाडी, भाजणी: तांबूस, मध्यम.
शिक्का: स्पष्ट.
खूण: आहे.
अर्थ: अनिश्चित.
कोलोश नाराज, पिरोश्का त्याहून नाराज.

कौल परत खोक्यात ठेवायचा एक नियम आहे,
खूण वर, म्हणजे झाकण उघडताच दिसावी.
मी शिक्का वर ठेवला.
कुणी विचारलंच तर सांगेन,
लक्ष नव्हतं. चष्मा पुसत होते.